शोभेची मुलं

क्रमांक : १
लेबलवर : स्नेहसंमेलन ८६, समूहगान
खरं काय : तेच. शेवटची तीन मिनिटं कुणीतरी खुर्च्या उचलतंय.
कोण : इयत्ता आठवी-नववी, पंचवीस मुलं
दोष : खरखर. मध्ये आवाज बुडतो.

तक्ता दिपेशने आखून दिला होता आणि देवस्थळी बाई तो भरत होत्या. अक्षर अजून फळ्यावरचंच, ठसठशीत आणि उभं. पंच्याहत्तरीला हात कापायचा, पण पेन कागदाला टेकलं की कापायचा थांबायचा.

घाटकोपरच्या त्या शाळेचा मराठी विभाग एप्रिलमध्ये बंद होणार होता. शेवटच्या वर्गात नऊ मुलं उरली होती. मे महिन्यात इमारत पाडायच्या आधी माजी विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला आणि ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, देवस्थळी बाईंकडे जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी असतील. होत्या. त्रेचाळीस. बोरिवलीच्या फ्लॅटच्या माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या तीन डब्यांत, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तरी निम्म्यांना बुरशी धरली होतीच.

दिपेश वैती म्हणजे त्र्याण्णव सालच्या शाळेच्या बँडमधला साइड ड्रम. आता चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा एक गाळा होता. लग्नांचे व्हिडिओ, मंडळांच्या जाहिराती, वाढदिवसांची गाणी, असं सगळं तिथे व्हायचं. तोच म्हणाला, बाई, कॅसेटी घेऊन या, सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून देतो. बाई सोमवार, गुरुवार आणि शनिवार रिक्षाने यायच्या. दिपेश कापसाच्या बोळ्याने आणि स्पिरिटने डेक पुसायचा, कॅसेट लावायचा आणि दोघं बसायचे. तासाची कॅसेट असली की तास लागतो. तिला घाई करता येत नाही.

"ऐका, ऐका. पंधरा ऑगस्टचा बँड. हा मी!"

"तू अर्धी मात्रा पुढे आहेस. तेव्हाही होतास."

"मग काय करणार? आई मार्केटात मासळी घेऊन बसलेली, वर्गात बसून मला तिचं ओरडणं ऐकू यायचं. बर्फ वितळायच्या आत परेड संपली म्हणजे बरं, हेच डोक्यात."

तुर्भ्याहून पहाटे टोपल्यांच्या टेम्पोत बसून यायचा हा मुलगा, हे बाईंना ठाऊक होतं. त्याला बँडमध्ये कुणी घातलं, हेही. गाण्यात घेतला नव्हता त्याला त्यांनी.

*

आता बाईंच्या पद्धतीबद्दल. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समूहगीत स्पर्धेचा नियम होता, रंगमंचावर किमान पंचवीस मुलं हवीत. पंचवीस चांगले गळे एका शाळेत कधीच नसतात. वीस, फार तर एकवीस. उरलेली जागा भरायला मुलं घ्यावी लागतात. मग बाई रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी टेपरेकॉर्डर हातात धरून प्रत्येक रांगेसमोरून हळूहळू चालायच्या, ती कॅसेट घरी नेऊन ऐकायच्या आणि यादीत काही नावांपुढे लाल ठिपका द्यायच्या. दुसऱ्या दिवशी ठिपकेवाल्यांना एकेक करून पुढे बोलवायचं आणि सांगायचं. स्पर्धेत नुसते ओठ हलवायचे. आवाज नाही काढायचा.

शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'शोभेची मुलं' म्हणायचे. मग मुलंही म्हणू लागली. ए, तू गाण्यात आहेस का? नाही रे, मी शोभेला.

शाळेला सात वर्षं ढाल मिळाली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाईंनाही नाही.

आणि एक. शाळा वर्षाला दोनच कोऱ्या कॅसेटी द्यायची. म्हणून तालमीच्याच कॅसेटवर स्पर्धा भरायची, जुनं पुसलं जायचं. पद्धत म्हणून हेही ठीकच होतं.

*

सोनूबाई आली ती अशी. गाळ्याच्या शटरबाहेर चपला काढून, निळ्या साडीचा पदर सारखा करत एक बाई उभी राहिली. पासष्टीची असेल. हातात रुमालाची पुरचुंडी.

"देवस्थळी बाई तुम्हीच का?"

"हो. या ना आत. चपला कशाला काढल्यात?"

"मी रतनची आई, सोनूबाई. रतन हिवराळे. आठवीत होती तुमच्याकडं. गाण्यात होती."

दिपेशने स्टूल पुढे सरकवलं. "बसा आई. चहा सांगतो."

"चहा नको. आवाज द्या."

ती बसली आणि पुरचुंडी सोडली. आत पेनड्राइव्ह होता. मुलीच्या वर्गातल्या निशाने तिला कॅसेटींचं सांगितलं होतं. पेनड्राइव्हही निशानेच घेऊन दिला होता.

"सत्त्याण्णवच्या ऑगस्टात गेली ती. डोक्यात ताप गेला. तीन दिवसांत खलास. फोटो हाये एक, बसच्या पासावरचा. आवाज न्हाई. विहारातल्या कॅसेटीत होता, भीमगीतं म्हणायची ना आम्ही मायलेकी, पण पोरांनी त्याच्यावर दुसरं भरून टाकलं." ती थांबली. "तोंड आठवतं बाई मला. अजून आठवतं. आवाज आठवत न्हाई. आधी यायचा. भांडी घासताना वगैरे मागून यायचा. आता चार-पाच वर्षं झाली, येतच न्हाई. म्हटलं, तुमच्याकडं असंल. पयला नंबर आला होता त्या वर्षी. प्रमाणपत्र भिंतीला लावलंय."

इथे रतनचं वर्णन यायला हवं. कशी दिसायची, कशी हसायची. पण देवस्थळी बाईंना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. यादी आठवत होती. बावीस नंबरचं नाव, त्यापुढे लाल ठिपका.

नाही म्हणायचं होतं त्यांना. पण तोंडून आलं ते असं :

"मागच्या रांगेत होती. डावीकडून तिसरी. काढते मी शोधून."

सोनूबाईने दोन्ही हात जोडले. हात जोडलेलं बाईंनी आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, पालक जोडतातच. पण या वेळी त्यांनी तक्त्याच्या कागदाकडे बघितलं.

"गुरुवारी या," दिपेश म्हणाला.

*

क्रमांक : ३०
लेबलवर : बँड, २६ जाने. ९६
खरं काय : बँड. नंतर मुख्याध्यापकांचं भाषण, अर्धं.
कोण : रतन
(खोडलं)
कोण : बिगुल सहा, ड्रम आठ, बासरी दहा
दोष : नाही

*

"बाई, तुम्ही कुठे आहात? बँडमध्ये मुलगी लिहिलीत."

मग बाईंनी त्याला सांगितलं. दिपेश खुर्चीवर डावीकडे-उजवीकडे झुलला.

"शोभेची? म्हणजे ती गायलीच नाही? वाट लागली."

"गायली नाही."

"आणि तुम्ही सांगितलंत काढून देते."

"हो."

"मग सोपं आहे ना. त्या वर्षी सोलो कुणाचा होता?"

"श्वेताचा."

"श्वेताचा अंतरा कापतो. थोडी खरखर वाढवतो. आई स्वतः म्हणाली ना, आवाज आठवत नाही. तिला बरं वाटेल, तुम्हाला बरं वाटेल. श्वेता कॅनडात."

त्याला झापायला हवं होतं. पोरगं पन्नाशीला आलं असलं तरी झापता आलं असतं. बाई म्हणाल्या, "श्वेताचा गळा बारीक. रतनचा तसा नव्हता."

"कसा होता मग?"

आणि मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंना तो आवाज आठवला. चेहरा नाही, आवाज. खडा, उघडा, छातीतून सरळ वर येणारा. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. सुरात होता. मुद्दा तोच होता, की तो सुरात होता.

"मग ठिपका कशाला दिलात?"

"पंचवीस जणांत ती एकटीच ऐकू आली असती."

"मग?"

"सोलो सोडला तर समूहगीतात कुणी एकटं ऐकू यायचं नसतं, दिपेश. आणि..." त्या थांबल्या. "आणि तसा आवाज आपल्या शाळेचा वाटला नसता. परीक्षकांना. असं मला वाटलं तेव्हा."

आपल्या शाळेचा म्हणजे कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. स्पिरिटची बाटली उचलून तो डेक पुसायला लागला. आधीच पुसलेला होता.

*

क्रमांक : ३१
लेबलवर : समूहगीत स्पर्धा, जाने. ९७, प्रथम क्रमांक
खरं काय : बाजू अ, स्पर्धा. बाजू ब, स्पर्धेचा उरलेला भाग, निकाल, टाळ्या. टाळ्यांनंतर खट् असा आवाज. त्यानंतर

त्यानंतर कोरी फीत असायला हवी होती. पण स्पर्धेचा कार्यक्रम तालमीपेक्षा लहान निघाला होता. जिथपर्यंत स्पर्धा भरली तिथपर्यंतच तालीम पुसली गेली होती. शेपूट तसंच राहिलं होतं. घरी ऐकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाईंनी टेपरेकॉर्डर पुन्हा वर्गात नेला होता आणि ठिपकेवाल्यांना बोलावताना तो चालूच राहिला होता.

बाक सरकल्याचा आवाज. मुलांचा गलका. मग एक बाई बोलते. तरुण, टणटणीत, घाईत.

"रतन. इकडे ये. उद्या तू नुसते ओठ हलवायचे."

काही नाही.

"ऐकू आलं का?"

"हळू म्हणते ना बाई."

"हळूही नाही. एक सूरसुद्धा नको तुझा. कळलं?"

"हो बाई."

"बघा, 'हो' पण केवढ्याने म्हणते!"

मुलं हसतात. खूप मुलं हसतात. मग फीत संपते.

*

दिपेशने हेडफोन काढले. पडद्यावर हिरव्या रेघेचे डोंगर थांबले होते. त्यात रतनच्या दोन लहान टेकड्या होत्या. एक लांबट, एक बुटकी.

"उडवू?" तो म्हणाला. बोट त्या बटणावर होतंच. "खरंच सांगतो बाई, एक सेकंद लागतो. मला माहीत, तुम्हाला माहीत. मेळाव्याला तुमचा सत्कार आहे, शाल आहे, काय काय आहे. कशाला?"

"उडवू नकोस."

"मग देऊ तिला? असं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. सात ढाली होत्या. त्यांच्या आयुष्यात मुलं नव्हती, नवरा लवकर गेला होता, होत्या त्या सात ढाली आणि रस्त्यात भेटून वाकून नमस्कार करणारी चाळिशीची माणसं.

"तिचं तेवढं ठेव," त्या म्हणाल्या. "माझं काढ."

त्याने काढलं. हसणंही काढलं. दोन टेकड्या एकमेकींजवळ आणून चिकटवल्या आणि लावलं.

हळू म्हणते ना बाई. हो बाई.

साडेचार सेकंद. दिपेशने तीनदा लावलं. छान स्वच्छ होतं. लाडात बोलल्यासारखंही वाटत होतं, ऐकायचंच ठरवलं तर. त्या दिवशी बाई घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

*

गुरुवारी सोनूबाई अर्धा तास आधीच येऊन शटरबाहेर उभी होती. आज तिने केसांना तेल लावलं होतं. साडी पांढरी होती, विहारात जाताना नेसतात तशी.

"गाणं नाही मिळालं," बाई म्हणाल्या. "सगळे एकत्र गातात, त्यात एकीचा वेगळा काढता येत नाही. पण बोलणं मिळालंय."

"बोलणं?" सोनूबाईचा हात छातीवर गेला. "बोलणं तर अजून चांगलं."

दिपेशने मोठे स्पीकर लावले होते. लावलं.

हळू म्हणते ना बाई. हो बाई.

सोनूबाई हलली नाही. डोळे मिटलेले नव्हते. ती स्पीकरच्या काळ्या जाळीकडे बघत होती, दाराच्या फटीतून कुणी डोकावतंय आणि आपण हललो तर ते जाईल, तशी.

"परत."

परत लावलं.

"हीच," ती म्हणाली. "हीच हो. परत लावा."

असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे हो काहून म्हणतंय लेकरू?"

दिपेशने माऊस उगाच सरकवला.

"कुणी तरी काही म्हटलं असंल ना, तेव्हा हो म्हणते. मागचं कुठंय?"

"टेप खराब होती, आई," दिपेश म्हणाला. "बुरशी. तेवढंच वाचलं."

"बरं." तिने मान डोलावली. मग पुन्हा, हळूच, स्वतःशीच, "हळू म्हणते. काय हळू म्हणते? रतन कधी हळू बोलली न्हाई."

ती दोघांच्या तोंडाकडे बघत होती. संशय नव्हता त्यात. ती नुसती वाट बघत होती. ही माणसं शिकलेली आहेत, यांना माहीत असणार, सांगतील आता.

हे बाईंना सहन झालं नाही. संशय घेतला असता तर कदाचित त्या टिकल्या असत्या.

"दिपेश. सगळं लाव."

"बाई..."

"लाव म्हटलं ना."

त्याने मूळ फाइल उघडली. तो मागे सरकून बसला आणि जमिनीकडे बघू लागला. तरुण, टणटणीत बाई गाळाभर बोलली. मुलं हसली. फीत संपली.

बाहेर कुणाच्या तरी गाळ्यात पत्रा कापायचं मशीन चालू होतं. ते थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"तुम्ही?" सोनूबाईने विचारलं.

"मी."

"गायली न्हाई ती?"

"नाही. मी गाऊ दिलं नाही. आवाज वाईट नव्हता तिचा. चांगला होता. फार चांगला होता, सोनूबाई, मी..."

सोनूबाईने हात वर केला. थांबा, असा. तिला काहीतरी जुळवायचं होतं, आणि ते जुळत आलं होतं, आणि ते जुळू नये असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"हे कधीचं म्हणालात?"

"जानेवारी. सत्त्याण्णव."

"जानेवारी." तिने बोटांवर मोजलं. "त्याच्यानंतरच. त्याच्यानंतरच ती घरात गायची बंद झाली. मी म्हटलं, वयात आली, लाजते. विहारात पण तसंच. माझ्या बाजूला उभी राहायची, तोंड हलवायची, आवाज न्हाई. मला कळेना काय झालं पोरीला. जयंतीला..."

तिने पदर तोंडाशी नेला, पण ती रडली नाही, नुसता धरून ठेवला.

"जयंतीला स्टेजवर आमचं गाणं होतं. सगळी वस्ती बसलेली. ही तशीच, नुसते ओठ. खाली उतरल्यावर मी तिला मारलं. सगळ्यांसमोर. दोन ठेवून दिल्या. म्हटलं, माझं नाक कापलंस, मुकी हाय का तू? ती काही बोलली न्हाई. सांगितलं पण न्हाई. बाईंनी सांगितलंय असं म्हटली असती तरी..." तिने मान हलवली. "न्हाई. म्हटली असती तरी मी मारलंच असतं. म्हटलं असतं, बाई सांगतात ते बरोबरच असंल."

बाईंना वाटलं उठावं, तिच्या खांद्यावर हात ठेवावा. उठता आलं नाही.

सोनूबाईने पेनड्राइव्ह दिपेशपुढे ठेवला.

"ह्याच्यात भरा."

"फक्त तिचा आवाज भरतो, आई. ते साडेचार सेकंद."

"न्हाई. सगळं भरा. ह्यांचं पण आणि पोरांचं हसणं पण. मी मारलं त्याचं असतं तर ते पण भरायला सांगितलं असतं."

भरायला काही क्षणच लागले. तिने तो रुमालात गुंडाळला, रुमालाला गाठ मारली, गाठ दातांनी आवळली.

"सोनूबाई," बाई म्हणाल्या, "मी मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगेन. माइकवरून सांगेन."

"कुणासाठी सांगता?" तिच्या आवाजात राग नव्हता. "मी येणार न्हाई तिथं. तुम्हाला हलकं वाटायला पाहिजे तर सांगा."

ती चपला घालायला वाकली. गुडघा दुखत होता, शटरला धरून उठली. दिपेशने विचारलं, रिक्षा बोलावू का. ती म्हणाली, नाक्यापर्यंत चालते, आणि गेली.

दिपेश म्हणाला, "आज बस झालं बाई. सोडतो तुम्हाला घरी."

बाई डब्याकडे बघत होत्या. वर्षाला चार ठिपके, कधी पाच. तेवीस वर्षं. नव्वद-पंच्याण्णव मुलं. त्यांना एकाही दुसऱ्या मुलाचं नाव आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला तर जिंकल्यावर उड्या मारणारी पुढची रांग तेवढी दिसत होती.

"ज्या आधी ऐकल्या," त्या म्हणाल्या, "त्यांचं शेपूट ऐकलं होतंस? खट् झाल्याच्या पुढचं?"

"नाही. खट् झालं की मी बंद करत होतो. वेळ वाचायचा."

"पहिल्यापासून लाव."

"बाई, तीस कॅसेटी आहेत. आणि तुम्ही आत्ता..."

"लाव रे."

दिपेशने शहाऐंशीची कॅसेट काढली आणि ब बाजूला लावली. गाणं पुढे पळवलं, टाळ्या पळवल्या. कुणीतरी खुर्च्या उचलत होतं, तेही पळवलं. मग खट्. बाईंनी खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि स्वतःचा आवाज सुरू व्हायची वाट बघत बसल्या.